कशाच्याच नसलेल्या किल्ल्या

आमच्या इंग्रजीच्या सरांच्या आधी त्यांच्या किल्ल्या वर्गात यायच्या. म्हणजे किल्ल्यांचा आवाज. सफारीच्या खिशात पंधरा-वीस किल्ल्यांचा जुडगा, आणि चालताना डावा पाय जरा जोरात पडायची सवय. व्हरांड्यात तो आवाज आला की मागच्या बाकांवरची पोरं गाइडं पटापट दप्तरात कोंबायची.

नव्या माणसाला वाटायचं, सरांकडं बरीच कपाटं असतील. हिंगोलीतल्या त्या कॉलेजात त्यांना एकच कपाट होतं आणि त्याला कुलूप नव्हतं. ज्या खोलीत ते भाड्यानं राहायचे तिची किल्ली घरमालकिणीकडं असायची, कारण सर ती हरवायचे. मग खिशातल्या किल्ल्या कशाच्या? कशाच्याच नाही. कुठं भंगारात मिळालेल्या, कुठं एसटी स्टँडवर सापडलेल्या, कुणी टाकून दिलेल्या. पहिलं वर्षभर मी त्यांना वेडं समजत होते. नंतर मत बदललं, पण पूर्ण बदललं असं म्हणणार नाही.

पोरांना ते नावानं हाक मारायचे नाहीत, गावाच्या नावानं मारायचे. तेही अहो-जाहो करून. "कनेरगाव नाका, जरा खिडकी लावा." "पुसेगाव, झोपू नका." एका पोरानं धीर करून विचारलं, सर, आमाला नावं हायत की. सर म्हणाले, "नाव आईबापानं ठेवलं. त्यात तुमचं काय हाय? माणूस कुठून उठून आला ते आधी कळलं पाहिजे. बराबर?" प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्यांचं हे 'बराबर' असायचं, आणि उत्तराची वाट न बघता ते पुढं जायचे.

पुसेगाव हे नाव एका पोराला आधीच गेलेलं होतं. मी पुसेगावजवळच्या तांड्यातली. म्हणून मी 'तांडा'. "तांडा, उठा." पहिल्यांदा ही हाक आली तेव्हा वर्गात खसखस पिकली आणि माझे कान तापले. घरी येऊन दादीला, म्हणजे आजीला, सांगितलं की मी त्या मास्तरच्या तासाला बसणार नाही. दादी म्हणाली, "काहून? तांड्यातली न्हाईस का तू?" दुसऱ्या दिवशी गेले आणि पहिल्या बाकावर बसले.

मला राग करायची चैन परवडणारी नव्हती, हे इथंच सांगून टाकते. बानं मला कॉलेजात घातलं ते एका अटीवर. एकदा जरी नापास झाले तरी शिक्षण बंद आणि कोयता सुरू. कोयता म्हणजे ऊस तोडायचं हत्यार, पण आमच्याकडं ऊस तोडणाऱ्या नवराबायकोच्या जोडीलाही कोयताच म्हणतात. एकट्या माणसाला उसाच्या फडावर कोणी विचारत नाही, तिथं जोडी लागते. त्यामुळं पोरगी नापास होणं आणि पोरीचं लग्न ठरणं ही आमच्या तांड्यात एकच बातमी असायची. बा काही दुष्ट नव्हता. माझ्या बरोबरीच्या सगळ्या पोरी एव्हाना फडावर होत्या आणि तो मला एकटीला वेगळं काढून बसला होता. लोक त्याला बोलत होते.

शेवटच्या वर्षाला आम्हाला एक जुनी इंग्रजी कादंबरी होती. भीतीची. ओसाड माळावर एक दगडी घर, त्यात अबोल म्हातारा मालक, कोणी उघडायची नाही अशी एक खोली, आणि बाहेरून त्या घरात आलेली एक पोरगी. बाजारातल्या गाइडात तिचे तीन प्रश्न ठरलेले होते. सेटिंग, कॅरेक्टर आणि सिम्बॉल. पोरं पाठ करायची आणि सुटायची. सरांना नेमकं हेच सहन व्हायचं नाही.

सेटिंग शिकवायचं म्हणून ते वर्गाच्या सगळ्या खिडक्या लावून घ्यायचे. वर पत्रे, महिना मार्चचा, आत चाळीस पोरं. सर अंधारात पुस्तक डोळ्याला लावून वाचायचे, आणि मध्येच थांबून विचारायचे, "भीती वाटून राहिली का?" कनेरगाव नाका म्हणाला, "भीती न्हाई सर, घाम येऊन राहिला." सर म्हणाले, "तोही चालेल. सेटिंग अंगाला लागलं पाहिजे."

कॅरेक्टर शिकवायला ते एकेकाला वर्गाबाहेर काढायचे आणि दार उघडून आत यायला सांगायचे. कडीवर हात कसा पडतो ते बघून म्हणायचे, हा मालक, हा नोकर, ही बाहेरून आलेली पोरगी. मी दार ढकलून सरळ आत आले तर मला म्हणाले, "तांडा, तुमी थांबल्या न्हाईत. दार बंद असल तर माणूस आधी थांबतो." मी म्हणाले, "सर, आमच्याकडं दिवसा दार बंद नसतंच." त्यांनी पुढचं पोरगं बोलावलं.

आणि सिम्बॉल म्हणजे त्या किल्ल्या. एकेकाच्या हातात एकेक द्यायचे आणि विचारायचे, ही काय उघडते? कोणी म्हणे पेटी, कोणी म्हणे गोदाम. सर खूश व्हायचे. "बघा. कुलूप कुठंच न्हाई, तरी तुमी सगळे आत जाऊन आले."

एकदा त्यांनी आख्खा वर्ग एसटीनं सिद्धेश्वरला नेला. धरणाजवळ बरीच वर्षं बंद पडलेली एक बैठी इमारत होती. तिच्या ओट्यावर बसून बंद खोलीचं प्रकरण वाचायचं, असा बेत. वाचन रंगात आलं. सर हळू आवाजात सांगत होते, या दारामागं काय आहे ते कोणालाच माहीत नाही. इतक्यात तिथला राखणदार आला. शांतपणे ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "खोली पाह्यची का? उघडून देतो." आणि खरंच उघडली. आत दगड झालेली सिमेंटची पोती आणि एक मोडकी खुर्ची. पोरं हसून हसून लोळली. सर परतीच्या एसटीत खिडकीशी बसून एकच वाक्य बोलले, "खरी किल्ली असलेला माणूस सिम्बॉलची वाट लावतो."

पण त्यांची खरी तऱ्हा म्हणजे वही. गाइडावर उतारा म्हणून त्यांनी काढलेला उपाय. प्रत्येकानं शंभर पानी वही करायची. उजव्या पानावर कादंबरीतलं घर, डाव्या पानावर आपल्या ओळखीची एक जागा. उजवीकडं माळ आला की डावीकडं आपला माळ. उजवीकडं खोली, तर डावीकडं आपल्याकडची खोली. डावं पान भरल्याशिवाय उजवं लिहायची परवानगी नाही. पुसेगावनं बंद पडलेलं कापसाचं जिनिंग घेतलं, कनेरगाव नाक्यानं मालक पळून गेलेला एक ढाबा. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, "सर, आमच्यात तसं एकबी घर न्हाई. सगळी दोन खणाची."

"मग काय हाय?"

"कुलपं हायत."

सरांना कळलं नाही. मी सांगितलं. दिवाळी झाली की ट्रक येतात आणि आख्खा तांडा ऊस तोडायला जातो, तो गुढीपाडव्याला परततो. मागं राहतात चार म्हाताऱ्या, दोन आजारी माणसं आणि मी; मी हंगामभर दादीच्या घरी निजते, म्हणून शेजारच्या आमच्या घरालाही कुलूपच. चाळीस दारं, चाळीस कुलपं. जाताना सगळे आपापल्या किल्ल्या माझ्या दादीकडं देतात. तिनं त्या एका तारेत ओवून खुंटीला टांगलेल्या असतात, आणि कोणती कोणाची ते ती नुसत्या बोटांनी ओळखते. मी हे सांगताना वर्गात कोणी हसलं नाही. सर खुर्चीवरून उठले, खिडक्या लावायच्या विसरले आणि म्हणाले, "लिहा."

मी लिहिलं. असं लिहिलं की डावीकडची पानं संपली आणि चिकटवून नवी लावली. डावं पान मला शब्दाला शब्द पाठ झालं, कारण ते पाठ करावं लागतच नव्हतं. संध्याकाळी वही मिटली की मी त्याच पानात राहत होते.

आणि इथंच घोटाळा झाला. परीक्षेत प्रश्न आला, कादंबरीतलं सेटिंग आणि त्याचा अर्थ स्पष्ट करा. मी पेन उचललं आणि सहा पानं सलग लिहिली. तीन वर्षांत इतकं सरळ इंग्रजी माझ्या हातून उतरलं नव्हतं. हॉलमधून बाहेर आले, नळाखाली ओंजळ धरली, आणि ओंजळीतलं पाणी तसंच राहिलं. मी डावं पान लिहून आले होते. कादंबरीचं नाव पहिल्या ओळीत, आणि त्याखाली आमचा तांडा, दादी, तार आणि कुलपं.

जूनमध्ये निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत पास, त्या एका पेपरात नापास. बा फडावरून आलेला होता, आई आली होती, तांड्यातली दारं उघडी होती आणि सगळ्यांना एका दिवसात कळलं. बा माझ्यावर ओरडला नाही. तो पाहुण्यांकडं जाऊन आला. पोरगं बघून ठेवलेलंच होतं.

चौथ्या दिवशी दुपारी तांड्यात किल्ल्यांचा आवाज आला. सर पुसेगावहून चालत आले होते, डोक्यावर छत्री, पायात धूळ. चहू बाजूला पोरं, कोंबड्या, बाजेवर गप्पा मारणारी माणसं. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "कुलपं कुठं हायत?" माझ्या आयुष्याचा निकाल लागलेला आणि या माणसाला सेटिंग सापडत नव्हतं. मला रडू येत होतं त्यात हसू आलं.

बानं त्यांना बाजेवर बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, "सर, पोरगी नापास झाली. आमचं आधीच बोलणं झालं होतं."

"नापास मी झालो," सर म्हणाले. "डावं पान मी लिहायला लावलं. तिनं लिहिलं त्यात खोटं काई न्हाई, जागा चुकली. चूक माझी, अन् कोयता तिच्या हातात काहून?"

"मला लिहिता वाचता येत न्हाई, सर. मला पास अन् नापास इतकंच समजते."

"मग पास आणून देतो."

बानं रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "ऑक्टोबरची परीक्षा देऊ द्या तिला. पण आमी पाडव्याला परत येतो, त्याच्या आत निकाल हातात पाहिजे. पास असली तर शिकू द्या काय शिकायचं ते. न्हाई तर पाडव्यानंतर लग्न, अन् पुढच्या हंगामाला जोडीनं फडावर." सरांनी "बराबर" म्हटलं. त्या एकाच 'बराबर'ला त्यांनी उत्तराची वाट बघितली. बानं मान हलवली.

मग दर रविवारी सर एसटीनं पुसेगावला यायचे आणि तिथून चालत तांड्यात. लिंबाखाली बसून शिकवायचे. वाटेत एखादी किल्ली सापडली तर आधी ती दाखवायचे. मी मात्र चिडलेली होते. एका रविवारी वही आपटून म्हणाले, "खरं लिहिलं तर नापास, अन् कधी न पाह्यलेलं घर लिहिलं तर मार्क. असं काहून, सर?"

"कारण पेपर त्यांच्या घरात हाय," सर म्हणाले. "पाव्हणा म्हणून कोणाच्या घरी गेलं की आधी त्यांचं घर बघावं, दोन शब्द बरे बोलावेत. मग निघताना आपल्या घरचं सांगावं. तुमी दारातूनच आपलं सांगत सुटल्या. बराबर?"

मला ते पटलं. आजही पटतं आणि मी माझ्या वर्गातल्या पोरांना हेच सांगते.

ऑक्टोबरात बंद खोलीवर प्रश्न आला. पाच पानं मी त्यांच्या घरात हिंडले. मालक, त्याचा अबोला, जिना, ती खोली, त्या पोरीची पावलं, सगळं गाइडापेक्षा चांगलं लिहिलं. आणि शेवटी, निघताना, चार ओळी माझ्या. की या घरात एकच खोली बंद आहे आणि आत काय असेल याची भीती आहे. मी जिथं राहते तिथं सगळ्याच खोल्या बंद असतात आणि आत काय आहे ते सगळ्यांना माहीत असतं. तिथं भीती वाटते ती आत कोणी नाही याची.

दिवाळी झाली, ट्रक आले. आई-बा चढले. या खेपेला बानं जाताना माझ्याकडं बघितलं नाही. आणि निकाल लागेना. डिसेंबर गेला. मी रोज दादीच्या तारेकडं बघायचे आणि हिशेब करायचे की पुढच्या वर्षी माझी किल्ली यात कुठं असेल.

जानेवारीतली दुपार होती. ऊन पडलेलं, वारा सुटलेला, आणि चाळीस दारांवरची कुलपं वाऱ्यानं कड्यांवर आपटत होती. त्या आवाजाची आम्हाला सवय होती. पण मध्येच दुसरा आवाज आला. किल्ल्यांचा. दादी भिंतीला टेकून बसली होती, ती ताडकन उठली. पलीकडच्या घराच्या सावलीतून एक म्हातारी उठली, तिच्या मागून आणखी एक. खोकल्यानं जेर झालेला एक म्हातारा बाजेवरून खाली उतरला. सगळे वाटेकडं बघत होते. तांड्यात किल्ल्या वाजतात त्या दादी तार खाली काढते तेव्हा, म्हणजे कोणी तरी घरी आलं, कोणाचं तरी दार उघडतंय.

वाटेवर सर होते.

म्हाताऱ्यांनी त्यांना ओळखलं आणि एकेक करून परत खाली बसल्या. सरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी खिशात हात घालून किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या, आवाज होऊ नये म्हणून, आणि तसेच एक हात खिशात ठेवून दादीच्या दारापर्यंत आले. येताना एकेका कुलपाकडं बघत होते. ओट्यावर बसले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. म्हणाले, "वीस वर्षं उगाच खिडक्या लावल्या मी."

मी म्हणाले, "सर, निकाल?"

ते विसरलेच होते. छत्रीच्या घडीत खोवलेला कागद काढून दिला. त्या पेपरला बासष्ट. मी कागद दोनदा वाचला आणि मग दादीच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. कोणाला सांगणार? सांगायची माणसं फडावर होती. सर म्हणाले, "मला सांगा." मी म्हणाले, "सर, मी पास झाले." ते म्हणाले, "बराबर."

दादीनं चहा केला. सरांनी अवघडून खिशातून हात काढला तेव्हा तिनं जुडगा बघितला. विचारलं, "मास्तर, ह्या कशाच्या?"

"कशाच्याच न्हाईत."

"मग वागवता काहून?"

वर्गात याचं उत्तर ते पाऊण तास देत. त्या दिवशी त्यांनी नुसता चहाचा घोट घेतला. दादी उठली, खुंटीवरची तार काढली, बोटानं चाचपत एक किल्ली सोडवली, जाऊन आमच्या दाराचं कुलूप काढलं आणि किल्ली त्यांच्या पुढ्यात ठेवली. "ही आमच्या घराची. पोरगी पास झाली, ती आता हितंच ऱ्हाईल, कुलूप लागत न्हाई. ठेवा तुमच्याजवळ. एक तरी कशाची तरी असू द्या." सरांनी ती जुडग्यात घातली.

पाडव्याला ट्रक आला. बा खाली उतरला आणि त्याला चाळीस बंद दारांत आपलं एक उघडं दिसलं. मी कागद त्याच्या हातात दिला. त्याला वाचता येत नव्हतं तरी तो त्यानं नीट वरपासून खालपर्यंत बघितला. घडी करून आईजवळ दिला आणि पाहुण्यांकडं निरोप धाडला. मग दादीला विचारलं, "आपली किल्ली कुठंय?"

"मास्तरला दिली."

"मग दिवाळीला कुलूप कसं लावायचं?"

"लावू नको," दादी म्हणाली.

आई-बा त्यानंतर दोन हंगाम गेले. तेव्हाही दार उघडं होतं, मी आणि दादी घरात होतो. मग मला इंग्रजी शिकवायची नोकरी लागली आणि ते जायचे थांबले. दोन हजार सालानंतर सर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात भाषण केलं नाही. तो जुडगा माझ्या हातात दिला आणि "तांडा, सांभाळा" एवढंच म्हणून खाली बसले. पुढं दोनच वर्षांत ते गेले. मला त्यांची फार आठवण येते, हे सांगायला मी लाजत नाही.

आता मी शिकवते. खिडक्या उघड्या ठेवते. वही मात्र तीच, डावं पान आणि उजवं पान. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात डावं पान काढून घेते. सिम्बॉलच्या दिवशी किल्ल्या वर्गात फिरवते आणि पोरं पेट्या, गोदामं, तिजोऱ्या उघडत बसतात.

परवा दुसऱ्या एका तांड्यातली पोरगी होती. तिच्या वाट्याला नेमकी दादीनं दिलेली ती किल्ली आली. तिनं उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "म्याडम, ही खरी कशाची हाय?"

"आमच्या घराची."

"मग किल्ली हितं असल्यावर तुमी घर कसं उघडता?"

मी म्हणाले, "उघडंच असतं."